पुरानंतरच्या दोन नळ्या: यीस्टच्या प्रोटॉन पंपातलं उत्परिवर्तन कसं ओळखलं

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमची सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. पाणी ओसरल्यावर कुलूप काढलं तेव्हा घोटाभर गाळ होता आणि फ्रिज उताणा पडलेला. त्याच्या वरच्या कप्प्यातला प्लॅस्टिकचा डबा मात्र झाकणासकट शाबूत निघाला. डब्यात स्क्रू कॅपच्या दोन नळ्या होत्या. झाकणं घट्ट होती आणि आत तिरक्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या माध्यमावर, यीस्टचा मलईसारखा थर जसाच्या तसा होता. बाहेरचं लिखाण तेवढं गेलं होतं. मार्करची शाई धुऊन गेलेली, कागदी पट्ट्यांचा लगदा झालेला.

नोंदवही वरच्या मजल्यावर कपाटात होती, म्हणून ती वाचली. तिच्यात या डब्यापुढे दोन नोंदी होत्या. एक, नेहमीचं प्रयोगशाळेतलं सॅकरोमायसिस सेरेव्हिसिई, म्हणजे ब्रेडचं यीस्ट. दोन, त्याच घराण्यातलं पण पीएमए१ या जनुकात एक उत्परिवर्तन, म्हणजे अक्षराचा एक बदल, असलेलं वाण, पीएमए१-१०५. ते पुण्यातल्या एका परिचित प्रयोगशाळेने आम्हाला शिकवण्यासाठी दिलं होतं. आता कोणती नळी कोणाची, हे सांगायला काहीच उरलं नव्हतं.

पुण्याहून पुन्हा मागवता आलं असतं. पण एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं समोर बसली होती, त्यांचे प्रकल्प पाण्यात गेले होते, आणि मला वाटलं की याहून चांगला प्रकल्प त्यांना मिळणार नाही. मी नळ्यांवर शिसपेन्सिलीने ‘अ’ आणि ‘ब’ लिहिलं आणि सांगितलं, जनुक वाचायला पाठवण्याआधी तुम्ही सांगायचं, उत्परिवर्तन कोणात आहे. पेशी कशी वागते एवढ्यावरून.

या जनुकापासून जे विकर (एन्झाइम) बनतं ते पेशीच्या पटलात रुतून बसलेलं असतं. ते एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, तोडतं, आणि त्यातून मिळालेल्या ऊर्जेवर पेशीच्या आतला एक प्रोटॉन बाहेर ढकलतं. एका एटीपीमागे एक प्रोटॉन. शास्त्रीय नाव आहे पटलावरचं एच-प्लस-एटीपेज. वर्गात आम्ही त्याला पंपच म्हणतो. हे प्रथिन ९१८ अमिनो आम्लांचं, म्हणजे तेवढ्या मण्यांच्या माळेसारखं असतं आणि पटलातून दहा वेळा आरपार जातं. यीस्टच्या बाह्य पटलात इतकं विपुल दुसरं प्रथिन नाही. पेशी जेवढं एटीपी बनवते त्याचा मोठा वाटा, बऱ्याच अंदाजांनुसार पाचवा हिस्सा किंवा अधिक, हा एकटा पंप खातो.

मिरज पूर्व भागातल्या मुलांना हे समजावणं फार सोपं जातं. म्हैसाळला कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलतात आणि ते कवठे महांकाळ, जतकडे जातं. वीज खर्च होते ती पाणी वर चढवायला. एकदा चढलं की पुढे ते उतारानेच कालव्यातून शेतात पोचतं. यीस्टचंही तसंच आहे. पंप प्रोटॉन बाहेर चढवून ठेवतो. ते परत आत यायला बघतात, आणि येताना अमिनो आम्लं आणि इतर खाद्य सोबत घेऊन येतात, कारण पटलातल्या दुसऱ्या वाहक प्रथिनांची रचनाच तशी असते. पंप थांबला की नुसता पंप थांबत नाही, पुढचे सगळे कालवे कोरडे पडतात. म्हणून पीएमए१ शिवाय यीस्ट जगत नाही. जीनोममध्ये पीएमए२ नावाचं त्याचं भावंड आहे, पण नेहमीच्या वाढीत ते जवळजवळ वापरलंच जात नाही. ते थोरल्याची जागा घेऊ शकत नाही.

हे जनुक १९८६ साली रामोन सेरानो, मॉर्टन कीलँड-ब्रँट आणि जेराल्ड फिंक यांनी वेगळं काढून वाचलं. वाचल्यावर लक्षात आलं की हे प्रथिन आपल्या शरीरातल्या पंपांचं नातेवाईक आहे. येन्स स्कोउ यांना ज्या सोडियम-पोटॅशियम पंपाबद्दल १९९७ चं नोबेल मिळालं तो, आणि जठरात आम्ल सोडणारा, ओमेप्रॅझोलच्या गोळीने बंद पडतो तो, दोघेही याच कुळातले. मुलांना मी हे सुरुवातीलाच सांगते. ब्रेडच्या पिठातल्या जिवात आणि आपल्या पोटात एकच यंत्र थोडं वेगळं बसवलेलं आहे, हे कळल्यावर त्यांचं बघणं बदलतं.

पहिल्याच दिवशी तासगावकडच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, पंपाशिवाय पेशी जगत नाही म्हणता, मग पंप बिघडलेली पेशी नळीत जिवंत कशी?”

या प्रश्नावर आमचे दोन तास गेले आणि ते जायलाच हवे होते. बिघाड म्हणजे एकच गोष्ट नसते. अक्षर कुठे बदललं यावर सगळं अवलंबून असतं. या पंपात ३७८ व्या जागेवर ॲस्पार्टिक आम्ल आहे. एटीपीचा फॉस्फेट गट येऊन चिकटतो तो तिथेच. पंपाची प्रत्येक फेरी तिथून सुरू होते. ते आम्ल बदलून तिथे ॲस्पराजिन आणलं, म्हणजे फरक जेमतेम एका गटाचा, तर पंप निकामी होतोच, पण त्याहून वाईट घडतं. असं प्रथिन नीट घडी घेत नाही, पेशीच्या आतल्या जाळ्यातच अडकतं, आणि शेजारी तयार झालेल्या चांगल्या पंपांनाही तिथेच अडकवून ठेवतं. पेशीत चांगलं जनुक शिल्लक असलं तरी ती मरते. असं उत्परिवर्तन नळीत टिकूच शकत नाही.

दुसरा प्रकार पोचवण्यातला. पीएमए१-७ नावाच्या वाणात नव्याने बनलेला पंप गरम तापमानाला पटलाकडे जाण्याऐवजी रिक्तिकेकडे, म्हणजे पेशीतल्या मोडीच्या पिशवीकडे, वळवला जातो आणि तिथे त्याचे तुकडे होतात. म्हणजे बनवलेला माल गिऱ्हाईकापर्यंत जाण्याआधीच भंगारात. तिसरा प्रकार बटणाचा. पंपाच्या शेवटी एक शेपटी असते, ती उपाशी पेशीत पंपाला दाबून धरते. ग्लुकोज मिळालं की त्या शेपटीवर फॉस्फेट बसतो आणि दाब सुटतो. या शेपटीची शेवटची अकरा अमिनो आम्लं कापली तर पंप ग्लुकोज नसतानाही जोरात चालतो. हे सगळं एकाच जनुकात, आणि परिणाम तीन तऱ्हांचे.

आमचं वाण यापैकी कशातच बसत नाही. पीएमए१-१०५ मध्ये ३६८ व्या जागेवरचं सेरीन जाऊन फिनिलॲलनिन आलेलं असतं. सेरीन लहान आणि पाण्याशी जमवून घेणारं. फिनिलॲलनिन मोठं, कड्यासारखं, पाण्यापासून दूर राहणारं. जागा बघा, फॉस्फेट बसतो त्या ३७८ पासून फक्त दहा पावलांवर, एटीपी तोडणाऱ्या भागाला पटलातल्या भागाशी जोडणाऱ्या देठात. पंप पटलावर पोचतो, एटीपीही तोडतो, पण ती ताकद पुढे प्रोटॉनपर्यंत नीट पोचत नाही. उसाच्या चरकाचा एखादा दात झिजला की रस निघतो, पण जितका निघायला हवा तितका नाही, तसं. म्हणून पेशी जगते. आणि म्हणूनच तिला ओळखणं अवघड.

दोन्ही नळ्यांतून प्लेटवर रेघा ओढून आम्ही एकेक वसाहत वेगळी केली. पुराचं पाणी आत गेलेलं असू शकतं, हे गृहीत धरायलाच हवं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडे अंडाकृती, कळ्या फुटलेल्या पेशी, भेसळ दिसली नाही. ‘अ’ च्या वसाहती थोड्या लहान होत्या. मुलांनी लगेच निकाल द्यायचा प्रयत्न केला, मी तो वहीत लिहू दिला नाही. वसाहत लहान असण्याची शंभर कारणं असतात.

मग नेहमीचा प्रयोग. पेशी तीनदा ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायच्या, रात्रभर थंड पाण्यात उपाशी ठेवायच्या, सकाळी चुंबकी ढवळणीवर ठेवून त्यात पीएच मीटरची कांडी बुडवायची आणि ग्लुकोज टाकायचं. पाठ्यपुस्तकात ज्याला सामू म्हणतात तो आकडा डोळ्यांसमोर उतरायला लागतो, कारण जागे झालेले पंप प्रोटॉन बाहेर फेकतात. हा क्षण मी वीस वेळा पाहिला असेल, तरी प्रत्येक वेळी मी मीटरजवळच उभी राहते. त्या दिवशी दोन्ही चंचुपात्रांत आकडा ६ च्या आसपास होता. वीस मिनिटांनी ‘ब’ ४.१ वर आणि ‘अ’ ४.३ वर. दोनदा करून पाहिलं, तसंच. एकाने म्हटलं मीटरच बिघडलाय, पुरात भिजला असेल. मीटर वरच्या मजल्यावर होता आणि बफरशी, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणाशी, ताडून घेतलेला होता.

चूक मीटरची नव्हती, आमच्या अपेक्षेची होती. पीएच मीटर पंप मोजत नाही, पाण्यातलं आम्ल मोजतो. ग्लुकोज मिळालेलं यीस्ट कार्बन डायऑक्साइडही सोडतं, सक्सिनिक आम्लासारखी सेंद्रिय आम्लंही सोडतं, आणि ती सगळी त्याच आकड्यात मिसळतात. शिवाय प्रोटॉन बाहेर जाताना धन भारही बाहेर जातो. पेशी आतून ऋण होत जाते आणि तो ऋण भारच पंपाला मागे ओढतो. म्हणजे साध्या पाण्यात चांगला पंपही पूर्ण जोराने धावत नसतो. चांगल्या आणि कमजोर बैलाला दोघांनाही ब्रेक लावलेली गाडी जुंपली, तर फरक कसा कळणार?

पण याच उत्तरात पुढची वाट होती. पंपाचं काम दोन तऱ्हेचं आहे. एक प्रोटॉनचा फरक, दुसरा विजेचा फरक. पहिला मोजता येत नसेल तर दुसरा कुठे दिसेल?

१९८७ साली जॉन मॅक्कस्कर, डेव्हिड पर्लिन आणि जेम्स हेबर यांनी ही पीएमए१ उत्परिवर्तनं ज्या रीतीने हुडकली, तीच रीत इथे कामी येते. हायग्रोमायसिन-बी हे स्ट्रेप्टोमायसिस हायग्रोस्कोपिकस या जिवाणूपासून मिळणारं प्रतिजैविक. एके काळी डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या पोटातल्या जंतांवर ते देत. ते रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, बसून प्रथिनं बनणं थांबवतं. महत्त्वाचं म्हणजे त्याच्या रेणूवर धन भार असतो. पेशी आतून जितकी जास्त ऋण, तितकं ते जोराने आत ओढलं जातं. पंप धडधाकट असला की पेशी स्वतःच विष आत खेचते. पंप कमजोर असला की आतला ऋण भार कमी, विष आत कमी, आणि पेशी वाचते.

मुलांनी दहाच्या पटीने पातळ केलेले पाच पाच ठिपके प्लेटवर ठेवले. एक साधी प्लेट, एक हायग्रोमायसिनची. ३० अंशाला दोन दिवस. साध्या प्लेटवर दोन्ही ओळी भरलेल्या. हायग्रोमायसिनच्या प्लेटवर ‘ब’ ची ओळ कोरी होती, पहिल्या दाट ठिपक्यावर तेवढा फिकट धुरकट डाग. ‘अ’ चे चार ठिपके स्पष्ट उमटले होते, गोल आणि पांढरे, पाचव्यात मोजता येतील अशा वसाहती.

वर्गात टाळ्या झाल्या. मी त्यांना थांबवलं, आणि आजही वाटतं की ते बरोबर केलं. जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळांत हायग्रोमायसिनला दाद न देणारं जनुक खूण म्हणून यीस्टमध्ये सर्रास घालतात. ते जनुक हायग्रोमायसिनवर फॉस्फेट चिकटवून ते निकामी करतं, पंपाशी त्याचा काहीही संबंध नसतो. ‘अ’ मध्ये ते असेल तर? नोंदवहीत तसं काही नव्हतं, पण नोंदवहीवर विश्वास ठेवायचा असता तर एवढं करायची गरजच काय होती? विषावर वाढणं ही एक खूण झाली. पंप खरोखर कमजोर असेल तर तो कुठेतरी हरायलाही पाहिजे. जिथे ‘अ’ हरतो आणि ‘ब’ जिंकतो, अशी प्लेट आम्हाला हवी होती.

ती सुचवली वाळव्याकडच्या एका मुलाने. त्याचे वडील साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत कामाला आहेत. तो म्हणाला, “मॅडम, मळीचा वॉश तयार करताना ते सल्फ्युरिक ॲसिड टाकतात, पीएच साडेचारपर्यंत खाली आणतात. बॅक्टेरिया मरतात, यीस्ट चालतं. आपण त्याच्याही खाली नेलं तर?”

वर्गातल्या कुणीही, मीसुद्धा, मळीकडे या नजरेने पाहिलं नव्हतं. यीस्ट आम्लात तग धरतं ते या पंपाच्या जोरावर. खाद्य मिळत असताना पेशीच्या आतला पीएच ७ च्या आसपास राहतो. बाहेर पीएच ४ असेल तर बाहेर प्रोटॉन हजार पट जास्त, ३ असेल तर दहा हजार पट. ते पटलातून झिरपत आत येत राहतात आणि पंपाने ते सतत बाहेर टाकायचे असतात. मद्यार्क वाढला की हे झिरपणं आणखी वाढतं, त्यामुळे डिस्टिलरीच्या टाकीत शेवटच्या तासांत पंपावर दुहेरी भार पडतो. ज्यांनी पुरात तळघरातलं पाणी मोटर लावून उपसलं आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. बाहेरची पातळी जितकी वर, तितकी मोटर न थांबता चालावी लागते, आणि अर्ध्या ताकदीची मोटर साध्या दिवशी पुरते, पुरात पुरत नाही.

पीएच ३ ची प्लेट करायची ठरली आणि आम्ही पहिल्याच वेळी फसलो. माध्यमात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून, अगार टाकून, सगळं एकत्र ऑटोक्लेव्ह केलं, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलं. ओतलेल्या प्लेटा सकाळपर्यंत घट्ट झाल्याच नाहीत, तिरकी केली की पातळ लापशीसारखं वाहत होतं. आम्लात उकळलेलं अगार तुटतं आणि त्याची पकड जाते. दुसऱ्या वेळी दुप्पट अगार फक्त पाण्यात वेगळं ऑटोक्लेव्ह केलं, दुप्पट तीव्रतेचं आम्लयुक्त माध्यम वेगळं, आणि दोन्ही हाताला सोसवेल इतकी गार झाल्यावर एकत्र करून लगेच ओतली. तरी प्लेटा थोड्या मऊच राहिल्या. रेघ ओढताना लूप रुतत होता, म्हणून पुन्हा ठिपकेच ठेवले. त्यांचं पाणी अगारात मुरायला अर्धा तास लागला.

तिसऱ्या दिवशी पीएच ३ च्या प्लेटवर ‘ब’ चे चार ठिपके होते. ‘अ’ चा पहिला ठिपका कसाबसा, दुसऱ्यात काही नाही. त्याच दिवशी त्याच पातळीकरणातून ठेवलेल्या पीएच ६ च्या प्लेटवर दोघेही भरलेले. म्हणजे ‘अ’ मेलेला नव्हता, ठिपके चुकलेले नव्हते, त्याला आम्लच सोसलं नव्हतं.

आता दोन प्लेटा शेजारी ठेवल्या. हायग्रोमायसिनवर ‘अ’ वाढतो, ‘ब’ मरतो. आम्लात ‘ब’ वाढतो, ‘अ’ बसतो. हायग्रोमायसिन निकामी करणारं परकं जनुक ‘अ’ मध्ये असतं तर त्याने विषापासून वाचवलं असतं, पण आम्लात पाडलं नसतं. नुसती अशक्त, कुठेही हळू वाढणारी पेशी असती तर आम्लात पडली असती, पण विषातून वाचली नसती. एका बाजूला ताकद आणि दुसऱ्या बाजूला दुबळेपणा, आणि दोन्ही एकाच कारणातून निघतात, असं कारण पटलावरच्या पंपाखेरीज आम्हाला सापडेना. दोन्ही नळ्यांत चुकून एकच वाण असण्याची शंकाही इथेच मिटली. मुलांनी त्या दिवशी वहीत लिहिलं: नळी ‘अ’, पीएमए१-१०५. खाली सगळ्यांच्या सह्या.

त्यानंतरच आम्ही दोन्ही नळ्यांतून डीएनए काढला, पीएमए१ चा ३६८ भोवतीचा तुकडा पीसीआरने वाढवला, म्हणजे त्याच्या पुष्कळ प्रती काढल्या, आणि वाचायला पुण्याला पाठवला. आलेख ई-मेलवर आला तेव्हा तासगावकडच्या मुलीने तो प्रोजेक्टरवर लावला. अशा आलेखात सी चा उंचवटा निळा दाखवतात आणि टी चा लाल. जनुकाच्या सुरुवातीपासून ११०३ वं अक्षर, ३६८ व्या सांकेतिकाचं, म्हणजे एका अमिनो आम्लासाठीच्या तीन अक्षरांच्या गटाचं, मधलं. ‘ब’ मध्ये तिथे निळा उंचवटा. ‘अ’ मध्ये लाल. आजूबाजूची सगळी अक्षरं दोन्हीकडे एकसारखी, रांगेत उभी. सेरीनच्या सांकेतिकातलं मधलं सी जाऊन टी आलं की फिनिलॲलनिन होतं. ११०३ व्या जागेवरचा तो एक लाल डोंगर बघत वर्ग बराच वेळ गप्प होता.

पीएच मीटरने काहीच का सांगितलं नाही, हा प्रश्न मात्र उरला आहे. पंपाला मागे ओढणारा ऋण भार कमी केला तर फरक दिसायला हवा. पाण्यात पोटॅशियम क्लोराइड घातलं की पेशी पोटॅशियम आत घेते, भाराचा समतोल होतो आणि चांगला पंप मोकळा सुटतो. तेव्हा ‘ब’ पुढे निघेल आणि ‘अ’ मागे राहील, की दोघेही पुन्हा बरोबरीने धावतील आणि बिघाड फक्त विजेच्या बाजूचा ठरेल, हे आता तासगावकडच्या मुलीचं काम आहे. ‘अ’ आणि ‘ब’ ग्लिसरॉलमध्ये गोठवून दुसऱ्या मजल्यावरच्या फ्रीझरमध्ये ठेवले आहेत. नावं शिसपेन्सिलीने लिहिली आहेत, वरून पारदर्शक चिकटपट्टी, आणि नोंदवहीची एक प्रत पुण्यात.